डोक्याला किरकोळ मार: कॅज्युअल्टीतल्या स्टाफला नेमकं काय शिकवायचं?

रातपाळी

मंडळी, कॅज्युअल्टीत काम करणारे इथे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारतोय.

आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल महामार्गालगतच्या तालुक्याच्या गावी आहे. सीटी मशीन आहे, न्यूरोसर्जन ठरलेल्या वारी येतात. डोक्याला मार लागून आलेल्या, पण शुद्धीवर असलेल्या पेशंटच्या बाबतीत स्टाफला तयार करायचं काम व्यवस्थापनाने माझ्या गळ्यात घातलंय. डोकं फुटून बेशुद्ध आलेल्याचं काय करायचं हे सगळ्यांना बऱ्यापैकी ठाऊक असतं, तिथे धावपळ आपोआप होते. गोंधळ होतो तो बोलत-चालत आलेल्याच्या बाबतीत.

सध्या चालतं ते असं. दुचाकी घसरून माणूस येतो. टाके पडतात, टीटीचं इंजेक्शन होतं, एमएलसीची (पोलिस केसची) नोंद होते. पुढे सगळं ड्यूटीवर कोण आहे त्यावर. घाबरट डॉक्टर असला की सरसकट सीटी. बिनधास्त असला की "काही नाही झालं, घरी जा, उलटी झाली तर या." केसपेपरवर "जीसीएस १५/१५" शिक्का मारल्यासारखं लिहिलेलं. (जीसीएस म्हणजे डोळे, बोलणं आणि हालचाल यांवरून शुद्ध मोजायची ग्लासगोची मोजपट्टी, पूर्ण गुण १५.) ते कोणी मोजलं, किती वाजता, परत मोजलं का, काही पत्ता नाही.

आता कॅनडाचा सीटी हेड रूल, म्हणजे डोक्याचा सीटी कोणाचा काढायचा हे ठरवायचे निकष, बहुतेकांनी ऐकलेला असतो. ओटावाच्या इयन स्टील यांच्या गटाने २००१ मध्ये मांडला. त्यातला पहिलाच निकष असा की मार लागल्यापासून दोन तासांनी जीसीएस १५ पेक्षा कमी असेल तर धोका जास्त. म्हणजे नियम वापरायचा तर दोन तासांनी कोणीतरी पुन्हा मोजायला हवं. आमच्याकडे दुसऱ्यांदा मोजतच नाहीत आणि तरी "रूल लावला" म्हणतात!

प्रोजेक्टरवर तासभर लेक्चर, मग समोसा-चहा, सगळ्यांची हजेरी आणि फोटो, असल्या ट्रेनिंगवर माझा विश्वास नाही. तुमच्याकडे खरंच काही बदललं असेल तर लिहा.

मेलबर्नची_सिस्टर

मी मूळची कोल्हापूरची, आता मेलबर्नला इमर्जन्सीत नर्स. तुमचा नेमका हाच प्रश्न घेऊन ऑस्ट्रेलियात मोठी चाचणी झाली, नेट ट्रायल म्हणतात. निकाल २०१९ मध्ये छापून आला. ३१ इमर्जन्सी विभाग चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटात प्रत्येक विभागातून एक डॉक्टर आणि एक नर्स निवडले, ज्यांचं बाकीचे ऐकतात असे. त्यांना वर्कशॉपमध्ये तयार केलं आणि मग त्यांनी आपापल्या विभागात जाऊन इतरांना शिकवलं. दुसऱ्या गटाकडे नुसती मार्गदर्शिका.

तीन गोष्टी बदलायच्या होत्या. पेशंटची नवीन गोष्ट लक्षात राहते का हे ठरलेल्या चाचणीने तपासणं, सीटी निकषांनुसारच सांगणं, आणि घरी पाठवताना लेखी सूचना देणं. स्मृतीची चाचणी करण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलं. सीटी आणि कागद, या दोन्हींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा ट्रेनिंगने सगळंच सुधारतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

ती चाचणी इथे आम्ही रोज करतो. पहिल्यांदा जीसीएस बघायचा आणि तीन चित्रांची कार्डं दाखवायची, लक्षात ठेवा म्हणायचं. तासाने परत जीसीएस आणि मग "मघाशी काय दाखवलं होतं?" आठवलं नाही तर नऊ चित्रांच्या तक्त्यातून ओळखायला लावायचं. जीसीएसचे १५ आणि चित्रांचे ३ मिळून १८. पूर्ण १८ मिळेपर्यंत दर तासाला. चार तास झाले तरी मिळाले नाहीत तर पेशंट घरी जात नाही, डॉक्टर पुन्हा बघतात, बहुधा ॲडमिट होतो.

याचा उपयोग कुठे होतो सांगते. एखादा माणूस नाव सांगतो, पत्ता सांगतो, जीसीएस अगदी १५. नवरा-बायको शेजारी बसलेत. आणि तो दर पाच मिनिटांनी विचारतोय, "आपण इथे कशाला आलोय?" बायको बिचारी दर वेळी सांगतेय. कागदावर तो ठणठणीत आहे. कार्डं दाखवली की लगेच उघडं पडतं. डॉक्टरची वाट बघावी लागत नाही, सिस्टर स्वतः करू शकते.

खवट

सगळं छान आहे हो. पण सीटी काढला नाही आणि तिसऱ्या दिवशी पेशंट गेला तर नातेवाईक कार्डं बघायला येणार आहेत का? १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आहेत. कोर्टाच्या आधी तर काचा फुटतात. मी डॉक्टर असतो तर प्रत्येकाचा सीटी काढला असता आणि शांत झोपलो असतो.

एक्सरे_काका

@खवट, तुमच्यासारखा विचार करणारे मला रोज रात्री उठवतात. रिक्वेस्ट फॉर्मवर एवढंच: "आरटीए, रूल आउट ब्लीड", म्हणजे रस्त्यावरचा अपघात, रक्तस्राव नाही ना ते बघा. शुद्ध हरपली होती का, उलट्या किती, वय काय, गोळ्या कोणत्या, सगळं कोरं.

कॅनडात ज्यांनी तो नियम बनवला त्यांनीच तो १२ पैकी निम्म्या रुग्णालयांत रुजवायचा प्रयत्न केला होता, अभ्यास २०१० साली छापला गेला. ट्रेनिंग, धोरण, सीटी मागताना आठवण करून देणं, सगळं केलं. ज्या रुग्णालयांत हे केलं तिथे सीटीचं प्रमाण ६२.८ टक्क्यांवरून ७६.२ वर गेलं! जिथे काहीच केलं नाही तिथेही ६७.५ वरून ७४.१. म्हणजे नियम शिकवून सीटी कमी झाले नाहीत, वाढलेच. मशीन शेजारच्या खोलीत असलं की बोट आपोआप तिकडे जातं.

मूळ अभ्यासाचे आकडेही ध्यानात ठेवा. ३१२१ पेशंट, सगळ्यांचा जीसीएस १३ ते १५. मेंदूला महत्त्वाची इजा साधारण ८ टक्क्यांना आणि ऑपरेशनची वगैरे गरज १ टक्क्याला. हा १ टक्का चुकू नये म्हणून बाकीच्या ९९ जणांचा खर्च आणि रेडिएशन होतं. आणि सीटी नॉर्मल आला की पेशंटकडे कोणी बघतच नाही, त्याचं काय? माझा नॉर्मल रिपोर्ट हा डिस्चार्जचा पास नाही.

रातपाळी

काका, हे आकडे मला व्यवस्थापनापुढे लागतील. त्यांना वाटतंय ट्रेनिंग झालं की सीटी निम्मे होतील.

@खवट, जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सुप्रीम कोर्टाने कसोटी सांगितली ती त्या क्षेत्रातल्या सर्वसाधारण कुशल माणसाने वाजवी काळजी घेतली का, ही. ९:४० ला ई४ व्ही५ एम६ (डोळे, बोलणं, हालचाल यांचे वेगळे गुण), १०:४० ला तेच, ११:४० ला तेच, उलटी नाही, नातेवाइकाला कागद वाचून दाखवला, सही घेतली, असा पेपर हातात असलेला डॉक्टर आणि "१५/१५, सीटी नॉर्मल" एवढंच लिहिणारा डॉक्टर, यातल्या कोणाची बाजू तुम्ही मांडायला घ्याल? काचांचं मात्र तुमचं खरं आहे, तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

शैलाताई_निवृत्त

मी सरकारी रुग्णालयात सिस्टर होते, शेवटची बरीच वर्षं अपघात विभागात. जीसीएसबद्दल बोलायचंय.

मुलींना तक्ता पाठ असतो. डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६. प्रत्यक्ष खाटेजवळ अडतात त्या बोलण्यापाशी. "आज तारीख काय?" विचारलं आणि आजीला सांगता आली नाही की दिला एक मार्क कमी. अहो, आजीला तारीख धडधाकट असतानाही ठाऊक नसते! तिला विचारा, आज बाजार कुठला भरतो, एकादशी होऊन गेली की यायचीय, शेतात सध्या काय चाललंय, घरून निघताना चुलीवर काय होतं. ऊसतोडीचा माणूस आला तर मुकादमाचं नाव, फड कोणत्या गावात पडलाय. आणि उलट बाजूही आहे. कॉलेजचा पोरगा तारीख बरोबर सांगतो कारण समोरच्या भिंतीवर कॅलेंडर लटकतंय. कॅलेंडर आधी काढा तिथून.

वीटभट्टीवरचा, बांधकामावरचा परप्रांतीय आला तर त्याचा सोबती शोधा आणि त्याच्याकडून विचारून घ्या. भाषा कळत नाही म्हणून बरळतोय असं लिहू नका.

एकूण आकडा न लिहिता तिन्ही वेगळे लिहायचे. १४ म्हणजे काय? डोळे हाक मारल्यावर उघडतोय म्हणून १४ की गोंधळलाय म्हणून १४? रात्री नऊला ड्यूटी बदलली की पुढची सिस्टर काय समजणार?

आणि दारू. वास आला की सगळ्यांचे हात सैल पडतात, "पिऊन पडलाय, उतरली की जाईल." कोपऱ्यातल्या स्ट्रेचरवर ढकलतात. प्यायलेल्या माणसालाच रक्तस्राव व्हायचा धोका जास्त, आणि त्याचाच चार्ट सगळ्यात रिकामा. आमच्या वेळी मी सक्ती केली होती, वास आला की ग्लुकोमीटर आधी आणि जीसीएस अर्ध्या तासाने. उतरत जायला हवी, वेळेबरोबर माणूस शुद्धीकडे यायला हवा. उलटं चाललं तर ती दारू नाही.

मेलबर्नची_सिस्टर

शैलाताई, बाजाराचा प्रश्न भारी! इथे आम्ही पंतप्रधानाचं नाव विचारायचो, ते इतके भराभर बदलले की आम्हालाच आठवेना.

एक जोड देते. जीसीएस तयार करणारे ग्लासगोचे टीसडेल. मूळ मोजपट्टी त्यांची आणि जेनेट यांची, १९७४ ची. २०१४ मध्ये, चाळीस वर्षांनी, त्यांनीच पद्धत पुन्हा नीट मांडली. प्रतिसाद नसेल तर आधी बोटाच्या टोकावर दाब, मग मानेजवळच्या ट्रॅपेझियस स्नायूला चिमटा किंवा भुवईच्या कडेखाली दाब. छातीचं हाड चोळायचं नाही. आपल्याकडे अजून छातीवर बुक्की घासणारे बघितलेत.

वाडीकर_एमओ

ग्रामीण रुग्णालय, सीटी नाही. जवळचं मशीन घाट उतरून जिल्ह्याच्या गावी. १०८ बोलावली की गाडी तीन-चार तास अडकते, मागे बाळंतपणाची बाई वाट बघत असते. त्यामुळे सगळ्यांना रेफर करणं हा पर्यायच नाही आणि कोणालाच न करणं हाही नाही.

मी भिंतीवर एक कागद चिकटवलाय. लगेच रेफर: दोन तासांनी जीसीएस १५ नाही, कवटी दबल्यासारखी लागते, दोन किंवा जास्त उलट्या, वय ६५ किंवा जास्त, आणि कवटीच्या तळाला तडा गेल्याच्या खुणा, म्हणजे दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं, कानामागे काळंनिळं, कानातून रक्त, नाकाकानातून पाण्यासारखं गळणं. कॅनडाच्या नियमात नाही पण मी वर घेतलंय: फिट आली असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल. तो नियम अशा लोकांवर तपासलेलाच नव्हता, हे शहरातले सोयीस्कर विसरतात. अपघाताआधीचा अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आठवत नाही, गाडीने पायी माणसाला उडवलंय, गाडीबाहेर फेकला गेलाय, तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडलाय, अशांना निदान सहा तास ठेवून घेतो, चार्ट भरायला लावतो, जरा शंका आली की रेफर. (आमच्याकडे नारळाच्या झाडावरून पडलेले येतात, त्यांना फूटपट्टी लावत नाही, थेट पाठवतो. मान पट्ट्याने बांधून.)

ट्रेनिंगचं म्हणाल तर माझा अनुभव एकच. डॉक्टर बॉण्डवर (सक्तीच्या सेवेसाठी) येतात, वर्षात जातात. शिकवलेलं त्यांच्याबरोबर जातं. सिस्टर आणि ब्रदर राहतात. शिकवायचं तर त्यांना.

दोन_पिल्लांची_आई

मी मेडिकलमधली नाही, पण वाचतेय. धाकटा सोफ्यावरून पडला तेव्हा एका ठिकाणी "सीटी करू" आणि दुसरीकडे "काही गरज नाही". आईबापाने काय करायचं? आणि सासूबाई म्हणत होत्या रात्रभर झोपू देऊ नका, ते खरं का?

वाडीकर_एमओ

ताई, मुलांना मोठ्यांचा नियम लावतच नाहीत. मुलांसाठी पीकार्न नावाचे निकष आहेत, २००९ चे, ४२ हजारांहून जास्त मुलांवरून काढलेले. दोन वर्षांखाली आणि वर वेगळे. लहानग्यात टेंगूळ कुठे आलंय ते बघतात. कपाळावरच्या टेंगळाची फारशी चिंता नसते, बाजूला किंवा मागे आलं तर जास्त. "नेहमीसारखं वागतोय का" यावर आईचं उत्तर हाच एक निकष आहे, त्यामुळे तुमचा शब्द तिथे पुरावा धरतात. मधल्या धोक्याच्या मुलांना सीटीऐवजी काही तास नजरेखाली ठेवणं हा पूर्ण मान्य मार्ग आहे. कोणी "बसा इथे चार तास" म्हटलं तर टाळतोय असं समजू नका.

झोपेचं: डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोपू द्या. पहिले २४ तास कोणीतरी सोबत असावं एवढंच. रात्रभर जागं ठेवलं की सकाळी पोर चिडचिडं आणि मलूल होतं, आणि मग ते मारामुळे की जागरणामुळे हे आम्हालाही कळत नाही.

औषधवाला

मेडिकल दुकान आहे, हॉस्पिटलच्या दारात. बोलत-चालत आलेल्या पेशंटच्या चिठ्ठीवर मेंदूची सूज उतरवायचं मॅनिटॉल, मेंदूसाठी म्हणून देतात ते सिटीकोलीन, डेक्सा हे स्टेरॉइड, फिटची गोळी, असं सगळं असतं. याबद्दल ट्रेनिंगमध्ये कोणी बोलणार का? माझ्याच गल्ल्यावर पाय देतोय, पण विचारतो.

रातपाळी

बोलणार. सिटीकोलीनचा मेंदूच्या इजेत फायदा नाही हे २०१२ च्या कोब्रिट चाचणीत दिसलं. स्टेरॉइडचं तर त्याहून वाईट. २००४ च्या क्रॅश चाचणीत दहा हजार पेशंट होते, स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले. शुद्धीवरच्या माणसाला मॅनिटॉल लावण्याचं कारण नाही. "सलाईन लावलं नाही तर नातेवाइकांना काही केल्यासारखं वाटत नाही" हे मी स्वतः सिनियरकडून ऐकलंय. दर तासाला सिस्टर येऊन टॉर्च मारते, चित्रं विचारते, लिहून ठेवते, हेही काही केल्यासारखंच दिसतं, बाटलीपेक्षा जास्त.

तुमचं सगळं वाचून ट्रेनिंगचा आकार बराच बदलला. सीटी कमी करणं हे उद्दिष्ट काढून टाकतोय. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे तिथेच हात टेकले. खाटेजवळ करायचं एखादं नवीन काम नर्सच्या हातात दिलं तर ते रुजतं. डॉक्टरला भीतीपोटी लागलेली सवय सोड म्हटलं तर ती सुटत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात तीनच कामं: जीसीएस तीन भागांत, वेळेसकट, दर तासाला. चित्रांची कार्डं. आणि घरी जाताना कागद. सीटीचा फॉर्म बदलतोय, निकषांवर खूण केल्याशिवाय तो पुढे जाणार नाही. काकांची झोप वाचली तर बोनस.

एक ब्रदर आणि एक सिस्टर निवडलेत, दोघंही रात्रपाळीचे, कारण माझ्याकडचा गोंधळ रात्रीच होतो. वर्ग भरवणार नाही, ड्यूटी बदलताना वीस मिनिटं, खाटेजवळ. दर आठवड्याला दहा जुने पेपर काढून बघायचे की तीन कामं झाली का, आणि आकडा नर्सिंग स्टेशनवर लिहायचा. कोणाचं नाव न लिहिता.

कागदाचा मसुदा टाकतो, फाडा:

"तुमच्या डोक्याला मार लागला आहे. तपासणीत आत्ता धोक्याचे काही दिसले नाही. पुढचे २४ तास सोबत एक मोठे माणूस हवे. खालीलपैकी काहीही झाले तर लगेच परत या, सकाळची वाट पाहू नका: पुन्हा पुन्हा उलटी. डोके जास्त जास्त दुखत जाणे. झोपेतून नीट जागे न होणे. फिट. बोलताना अडखळणे, हात किंवा पाय लुळा वाटणे. विचित्र वागणे, माणसे न ओळखणे. नाकातून किंवा कानातून पाणी अथवा रक्त. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्या. दारू नको. गाडी चालवू नका. एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी, मग हळूहळू कामाला लागा. डोके जड वाटणे, चक्कर, चिडचिड, विसरणे हे काही आठवडे राहू शकते."

मेलबर्नची_सिस्टर

चांगलाय. दोन भर. पहिली, ज्यांचं वय जास्त आहे किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यांच्यासाठी वेगळी ओळ हवी, की दोन-तीन आठवड्यांनीही चालण्यात तोल जायला लागला, सुस्ती आली तर या. म्हाताऱ्यांत रक्त हळूहळू साठतं, तोवर घरचे पडल्याचं विसरलेले असतात. दुसरी, कागद पेशंटच्या हातात देऊ नका. त्याला आज सांगितलेलं उद्या आठवेलच असं नाही, त्यासाठीच तर कार्डं दाखवतोय. सोबत राहणाऱ्याच्या हातात द्या आणि त्याच्याकडून परत वदवून घ्या.

खवट

आणि कागदावर हॉस्पिटलचा असा नंबर टाका जो रात्री दोनला उचलला जातो. नाहीतर सगळं मुसळ केरात.

रातपाळी

टाकतो. कॅज्युअल्टीचा लँडलाइन, सिस्टरच्या टेबलावरचा.

शैलाताई_निवृत्त

डॉक्टर, कार्डांवर चित्रं कसली आहेत? परदेशी छापाची असतील तर आमच्या आजीला ओळखूच येणार नाहीत आणि तुम्ही म्हणाल स्मृती गेली. आधी घरच्या धडधाकट म्हाताऱ्यांना दाखवून बघा, ओळखतात का. आणि खाटेजवळ शिकवायला कोणी खोटा पेशंट हवा असेल तर मी येईन. पिऊन आलेल्याचं सोंग चांगलं वठवते, बरीच वर्षं जवळून बघितलेत. फक्त रात्री नऊच्या ड्यूटीला ठेवा, दुपारी नातवाची शाळा असते.

रातपाळी

ताई, व्यनि (खासगी निरोप) केलाय. पुढच्या आठवड्यातला वार कळवा.